आदिवासी महिलांच्या उद्योगाला पैसा द्यायचा असेल, तर तो मार्चच्या आधी द्या

आपण विचारले आहे की, आदिवासी महिलांना उत्पन्न मिळवून देणाऱ्या एखाद्या सामाजिक उद्योगाला पाच लाख रुपये द्यायचे असतील, तर ते अनुदान म्हणून द्यावेत, कर्ज म्हणून द्यावेत की भागभांडवल म्हणून गुंतवावेत. मी गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात मोहफुलांची खरेदी करणाऱ्या महिलांच्या एका उत्पादक गटाचे हिशेब नऊ वर्षे पाहते आहे. पैसा कोणत्या नावाने आला यापेक्षा तो कोणत्या महिन्यात हातात होता, यावर आमच्या गटाचे बरेवाईट ठरले आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मोह मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत पडतो. बायका पहाटे अंधारात टोपल्या घेऊन निघतात, उन्हे चढेपर्यंत वेचतात आणि चार-पाच दिवस अंगणात वाळवतात. पिवळसर पांढरे फूल वाळून तांबूस, मनुकेसारखे झाले की पोत्यात भरतात. आमच्याकडची एक बाई हंगामात दीडशे किलोपर्यंत वाळला मोह जमवते. हे तिचे वर्षातले पहिले रोख उत्पन्न असते, कारण तेंदूपत्त्याचे पैसे मे महिन्यानंतर येतात आणि धान त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. त्यामुळे मोह वाळला की त्याच दिवशी पैसे लागतात.

२०२२ साली आमच्या गटाला एका देणगीदार कंपनीकडून सात लाख रुपये मंजूर झाले. त्यातले साडेचार लाख वाळवणी आणि पॅकिंगच्या यंत्रांसाठी होते, दीड लाख प्रशिक्षणासाठी, आणि मी अक्षरशः भांडून लिहून घेतलेले एक लाख खरेदीच्या खेळत्या भांडवलासाठी. केंद्र सरकारने २०२० मध्ये वाळल्या मोहफुलांचा किमान आधारभूत भाव किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला होता. आम्ही तोच भाव देऊ, असे अकराही गावांत बैठका घेऊन सांगितले होते. मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्येच उठवले होते, त्यामुळे परवान्याची अडचण उरली नव्हती. वजनकाटा आला, पोती आली. आणि २४ मार्चला त्या कंपनीच्या प्रकल्प अधिकाऱ्यांचा फोन आला की, ३१ मार्चपूर्वी शिल्लक रक्कम बिलांसह खर्ची पडली पाहिजे, नाहीतर परत करावी लागेल, आणि दोनशे बायकांना हजार-बाराशे रुपये रोख देऊन केलेली खरेदी बिल नसल्यामुळे खर्च म्हणून मान्य होणार नाही. मी गावनिहाय खरेदी नोंदवही दाखवण्याची तयारी दर्शवली, अंगठे आणि सह्या असलेल्या याद्या देऊ केल्या. त्यावर त्यांनी मला ऐकवले की हातात रोख दिली की ती गावात जिरते. एक लाख रुपये परत गेले.

२८ मार्चला एक बाई सात किलोमीटरवरून डोक्यावर पोते घेऊन आमच्या काट्यापाशी आली. अडतीस किलो भरले. तिने विचारले, "ताई, पैसे आजच देता का?" नातवाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे होते. आमच्या ठरलेल्या भावाने तिचे अकराशे चाळीस रुपये होत होते आणि माझ्या पेटीत तीनशेसुद्धा नव्हते. तिने काही न बोलता पोते परत डोक्यावर घेतले आणि बाजारातल्या व्यापाऱ्याला बावीस रुपयांनी देऊन आली. तिचे आठशे छत्तीस झाले. तीनशे चार रुपयांचा तो फरक मी अजून विसरलेले नाही. बावीसने विकलेला तोच मोह पोळ्याच्या सुमारास घरासाठी चढ्या भावाने विकत घेणाऱ्या बायका मी दरवर्षी पाहते.

तो अधिकारी कायद्याचे नाव घेत होता, म्हणून पुढे मी कायदाच वाचला. कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाबाबतच्या, कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार, काम एकाहून अधिक वर्षे चालणारे म्हणून मंजूर झाले असेल, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन आर्थिक वर्षे वापरता येते. म्हणजे आमचा प्रकल्प सुरुवातीलाच तीन वर्षांचा म्हणून मांडला असता, तर कायद्याने कोणाचाही हात धरला नसता. अडचण कायद्याची नव्हती, आदिवासी बाईच्या हातातल्या रोख रकमेवर विश्वास ठेवण्याची होती, आणि हे मी त्या वेळीही त्यांना सांगितले होते.

रोख रक्कम गावात जिरते की नाही, हे पुढच्याच वर्षी दिसले. आमच्या बायकांनी प्रभागसंघाकडून, म्हणजे परिसरातल्या बचत गटांच्या संघाकडून, महिना एक टक्का व्याजाने दोन लाख रुपये घेतले आणि ते फेब्रुवारीअखेर खात्यात आणून ठेवले. सहा टन मोह तीस रुपयांनी जागेवर रोख देऊन घेतला. बांबूच्या ढोल्यांत आणि दुहेरी पोत्यांत तो ऑगस्टपर्यंत ठेवला. मोह हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे दोनशे किलो खराब झाला, ती आमची साठवणुकीतली चूक होती. उरलेला एकेचाळीस रुपयांनी विकला. व्याज, पोती, हमाली, गाडीभाडे वजा जाता सुमारे पस्तीस हजार राहिले आणि कर्ज सप्टेंबरपूर्वी पूर्ण फिटले. एकशे ऐंशी बायकांत वाटले तर माणशी दोनशेसुद्धा होत नाहीत, हे खरे आहे. पण गावात आमचा काटा रोज उभा आहे म्हटल्यावर व्यापाऱ्याने स्वतःचा भाव पाच रुपयांनी वाढवला. आम्ही तर एकूण मोहाचा चौथा हिस्साही घेऊ शकलो नव्हतो. उरलेला सगळा मोह त्या वाढीव भावाने गेला. खरी कमाई ती होती, आणि कोणत्याही देणगीदाराच्या अहवालाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नसतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. भागभांडवलाचा विचार सोडून द्या. मोहासारख्या गौण वनोपजावर मालकी आणि विक्रीचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांना दिला आहे. त्या हक्कावर उभ्या असलेल्या व्यवसायात पुण्यामुंबईच्या माणसाने नफ्याचा वाटा मागणे मला मुळातच पटत नाही, आणि इतक्या थोड्या नफ्यात तो वाटा निघतही नाही. सामाजिक संस्थांना लोकांकडून निधी उभारता यावा म्हणून काढलेल्या सामाजिक शेअर बाजाराची चर्चा बरीच ऐकू येते, पण तिथली किमान उभारणी एक कोटीवरून कमी केल्यावरही पन्नास लाखांची आहे, आणि आमच्यासारख्या गटांची वर्षाची उलाढाल त्याच्या आसपासही जात नाही. बँकेचे कर्ज बचत गटाला विनातारण मिळू शकते, मात्र अनेक गटांनी मिळून केलेल्या उत्पादक गटाला शाखाधिकारी जमीन विचारतात. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ ने बंधने आहेत. ती सैल करावीत म्हणजे बायकांना कर्ज मिळेल, असे सुचवणारे लोक भेटतात. ते चूक आहे. कर्ज नसलेली बाई एका हंगामात सावरते, जमीन गेलेली बाई सावरत नाही.

राहिले अनुदान. वनोपज गोळा करणाऱ्या आदिवासींसाठीच्या केंद्र सरकारच्या वन धन योजनेत एका केंद्राला तीनशे सदस्यांमागे पंधरा लाख, म्हणजे माणशी पाच हजार रुपये धरलेले आहेत. दीडशे किलो मोहाचे तीसने साडेचार हजार होतात. म्हणजे एका बाईचा अख्खा हंगाम रोखीने विकत घ्यायला जी रक्कम लागते, ती जवळजवळ तेवढीच आहे. म्हणून माझे मत असे की आपले पाच लाख यंत्रांवर घालू नका. ते तीन हंगामांसाठी, बिनव्याजी, परत करण्याच्या बोलीवर गटाला द्या आणि दर सप्टेंबरला खरेदी नोंदवही मागा. गटाच्या खात्यावर सह्या कोणाच्या आहेत ते आधी पाहा. वनहक्काचा पट्टा विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे असावा असे कायदा सांगतो, तरी खरेदीचे खाते संस्थेच्या सचिवाच्या एकट्याच्या सहीवर चालणारे गट मी पाहिले आहेत. ग्रामसभेचा ठराव नसेल, तर तो होईपर्यंत थांबा.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. परत घ्यायची रक्कम देणगी ठरत नाही, त्यामुळे तिच्यावर देणगीवरची आयकर सवलत मिळणार नाही. लिखापढी सनदी लेखापालाकडून करून घ्या. आणि माझा अनुभव मोहाचा आहे. धडगावकडच्या आमचूराला किंवा पालघरच्या वारली चित्रकारांना कदाचित दुसऱ्याच गोष्टीची गरज असेल, आणि जिथे बायकांनी स्वतः यंत्र मागितले आहे तिथे ते जरूर द्यावे.

ज्या संस्थेशी आपले बोलणे चालू आहे, तिला एवढेच विचारा की मार्चच्या पहिल्या आठवड्यात महिलांच्या गटाच्या खात्यात किती रक्कम असते. पासबुकाचे ते पान पाहिल्याशिवाय धनादेश लिहू नका.