हवेवर गप्पा मारताना

रेडिओवर पहिल्यांदा माइकसमोर बसशील तेव्हा हजारो श्रोत्यांचा विचार करू नकोस. एकाच माणसाशी बोल. ‘श्रोतेहो’पेक्षा ‘तुम्हाला आठवतंय का?’ हे फार लवकर पोहोचतं.

आठवणींचा विषय असेल तर ‘ते दिवसच वेगळे होते’ असं मोघम बोलू नकोस. कॅसेटची टेप बाहेर आली की पेन्सिल घालून चक्र फिरवायचो, हे सांग. कॉम्पॅक्ट कॅसेट 1963 साली आली, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांच्या बोटांना ती पेन्सिल ठाऊक आहे. मात्र आजच्या पोरांना नावं ठेवत आठवणी काढू नकोस. ऐकणाऱ्यांत तीही असतात, आणि मला तर त्यांचे फोन सर्वांत जास्त आवडतात. त्यांच्या प्रश्नांमुळेच जुनी गोष्ट पुन्हा जिवंत होते.

विचित्र बातमी घेताना आधी तारीख बघ. जुन्याच बातम्या नव्या म्हणून फिरत असतात. कुणाला इजा झाली असेल तर ती बातमी हसण्यासाठी घेऊच नकोस, कितीही मजेदार वाटली तरी.

बोलताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द होतात, म्हणजे तीस सेकंदांत पंचाहत्तर. शेवटचं वाक्य आधी ठरव, मग सुरुवात कर. गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलत असशील तर गायकाचा आवाज येण्याआधी थांब. सोबतचा निवेदक हसला की त्याला पूर्ण हसू दे, मध्ये बोलू नकोस.

आणि घरातली हरवलेली किल्ली, न सापडणारा दुसरा मोजा, हे रोज वहीत टिपत जा. गप्पांचे विषय त्यातूनच मिळतात.