‘रिमोटनेस’ म्हणजे दुर्गमता की दूरस्थता?

प्रश्न असा: भूगोलातल्या ‘रिमोटनेस’ला मराठीत दुर्गमता म्हणावे की दूरस्थता?

आधी मोजमाप कशाचे केले आहे ते पाहावे, मग शब्द निवडावा. ‘दुर्गम’ म्हणजे जिथे जाणे कठीण. ‘दुर्ग’ही त्याच धातूतून आला. या शब्दात वाटेचा अवघडपणा आहे, अंतर नाही. ‘दूरस्थ’मध्ये नेमके उलट.

‘रिमोटनेस’ मोजणारा ऑस्ट्रेलियाचा ‘आरिया प्लस’ निर्देशांक घ्या. वस्तीपासून, लोकसंख्येनुसार पाडलेल्या पाच आकारगटांतल्या सर्वांत जवळच्या सेवाकेंद्रांपर्यंतचे रस्त्याचे अंतर मोजतात. प्रत्येक अंतराला त्या गटाच्या देशभरातल्या सरासरीने भागतात. भागाकार ३ च्या वर गेला तर ३ च धरतात, नाहीतर एकच लांबलचक अंतर बाकी चारांना झाकून टाकते. पाचांची बेरीज ० ते १५ मध्ये येते. एका गटात २ आणि उरलेल्या चारांत ०.५ आले, तर बेरीज ४ होते. ५.९२ च्या वर ‘रिमोट’, १०.५३ च्या वर ‘व्हेरी रिमोट’. रस्ता कच्चा की पक्का, हे या हिशेबात कुठेच येत नाही. ऑस्ट्रेलियातल्याच नलारबॉरच्या सपाट माळावर महामार्ग सुमारे १४६ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. ‘अतिदुर्गम’ लिहिले की मराठी वाचकाला घाट आणि कडे दिसतात, म्हणून तिथे ‘अतिदूरस्थ’च हवे.

अमेरिकेच्या कृषी खात्याची ‘फ्रंटियर अँड रिमोट’ वर्गवारी वेळ मोजते. पहिल्या पातळीसाठी ५०,००० किंवा जास्त लोकवस्तीचे शहर मोटारीने किमान ६० मिनिटांवर असावे लागते. पुढच्या पातळ्यांत लहान शहरांसाठी ४५, ३० आणि १५ मिनिटांच्या अटी वाढत जातात. वाट अवघड असली की वेळ वाढतो, त्यामुळे इथे ‘दुर्गमता’ बरीच जवळ जाते. तरी सपाट रस्त्यावरचा एक तासही तासच भरतो, म्हणून मी ‘प्रवासवेळेनुसार दूरस्थता’ असे लिहीन. लांबते खरे, पण चुकत नाही.

फसवे नाव म्हणजे ‘पोल ऑफ इनॅक्सेसिबिलिटी’. प्रशांत महासागरातला पॉइंट निमो हा असाच बिंदू, सर्वांत जवळच्या जमिनीपासून सुमारे २,६८८ किलोमीटरवर. नावात अगम्यता असली तरी मोजले जाते ते निव्वळ अंतर. ‘किनाऱ्यापासून सर्वांत दूरचा बिंदू’ असे सरळ लिहावे.

‘विरळ वस्ती’ मात्र यांपैकी कशालाच वापरू नये. ती घनता झाली. शहराला खेटूनही वस्ती विरळ असू शकते.