फिस्टुला मलमाने जातो का? ऑपरेशन केलं तर संडासचा कंट्रोल जातो का?

तुम्ही लिहिलंय की संडासच्या जागेच्या बाजूला फोड येतो, फुटतो, पू जातो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि परत तेच. डॉक्टरने फिस्टुला, म्हणजे भगंदर, सांगितलाय आणि ऑपरेशनची भीती वाटतेय. मी यातून गेलोय. डॉक्टर नाही हां, डिचोलीहून पणजीला रोज स्कूटरने जाणारा साधा क्लार्क आहे.

मलमाने जात नाही. मी दीड वर्ष मूळव्याध समजून मलम लावत बसलो, आपल्याकडे त्या भागात काहीही झालं तरी मूळव्याधच असते ना, एका 'विनाऑपरेशन'वाल्याने पुड्या देऊन पैसे पण घेतले. मग चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढलो तो खाली उतरवेना, अंगात ताप आणि बसायच्या जागी लिंबाएवढी गाठ. त्याच रात्री चिरून पू काढला.

तेव्हा सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. गुदद्वाराच्या आत थोडं वर बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबली की पू होतो आणि तो वाट काढत बाहेर कातडीपर्यंत येतो. पू गेला तरी बऱ्याच जणांचा तो बोगदा तसाच राहतो, तोच भगंदर. बाहेरचं तोंड मिटलं की आपल्याला वाटतं बरं झालं, पण आतलं उघडंच, मग परत भरणार.

आता कंट्रोलचं. तो बोगदा गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूतून किती जातो यावर सगळं आहे. थोडाच जात असेल तर सरळ उघडा चिरतात आणि टाके घालत नाहीत, जखम तळातून भरून यायला हवी म्हणून, अशा केसमध्ये कंट्रोलला फारसा धोका नसतो. जास्त स्नायू मध्ये येत असेल तर असं चिरणं धोक्याचं, मग दोरा घालून ठेवतात त्याला सेटन म्हणतात, नाहीतर स्नायू न कापता मधेच बोगदा बांधून टाकायचं लिफ्ट म्हणून ऑपरेशन आहे. म्हणून आधी एमआरआय करा आणि सर्जनला तोंडावर विचारा, किती स्नायू कापणार?

आयुर्वेदातलं क्षारसूत्र म्हणजे थोतांड नव्हे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला दोरा, दर आठवड्याला बदलतात, तो हळूहळू बोगदा कापत जातो आणि मागे जखम भरत जाते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 1991 च्या अभ्यासात परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के आणि ऑपरेशनमध्ये 11 टक्के आलं होतं, पण बरं व्हायला 4 ऐवजी 8 आठवडे लागले. करायचं तर शिकलेल्या शल्यतज्ज्ञ वैद्याकडेच करा, पुडीवाल्याकडे नको.

माझा बोगदा खालचा होता, म्हणजे स्नायूतून थोडाच जाणारा, चिरला, दुसऱ्या दिवशी घरी. ऑपरेशनपेक्षा पहिल्या संडासाचीच भीती जास्त, रात्री इसबगोल घ्या आणि कुंथू नका. दिवसातून तीनदा प्लास्टिकच्या टबात कोमट पाण्यात बसायचं. पहिले काही दिवस इतकं पाझरतं की बायकोने आपल्या पॅडचं पाकीट काढून हातात दिलं, लाज पहिल्या दिवशीच संपली. तिखटाने फिस्टुला होत नाही म्हणे, पण जखम ओली असताना हुमण (माशाची तिखट आमटी) खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देव आठवले, मग पेजेवर आलो. स्कूटर बंद, पाच आठवडे कदंबाच्या बसमधून उभ्याने पणजी, लोक उठून जागा द्यायचे आणि मी नको नको म्हणायचो.

शुगर तपासून घ्या, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा, कधीकधी मागे टीबी किंवा आतड्याला सूज आणणारा क्रोन्स आजार असतो, मग नुसतं चिरून भागत नाही. ताप आणि लाल दुखरी गाठ असेल तर मात्र एमआरआयची वाट बघू नका, त्याच दिवशी जा, साठलेला पू गोळ्यांनी निघत नाही. आणि जाताना जुने सगळे कागद न्या, मी फिल्म घरी विसरलो आणि बांबोळीच्या हॉस्पिटलातून परत डिचोली गाठली, तीही बूड न टेकता.