सप्टेंबर म्हणजे सातवा, मग तो नववा कसा?

प्रश्न असा आहे की सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं सप्त, अष्ट, नव, दश वरून आलीत का, आणि आली असतील तर हे महिने नववा ते बारावा कसे झाले, जुलै-ऑगस्ट मधे घुसवले म्हणून का?

नावांत आकडेच आहेत हे अगदी बरोबर, पण ती संस्कृतातून आलेली नाहीत. लॅटिनमधे सात म्हणजे सेप्टेम, आठ ऑक्टो, नऊ नोवेम, दहा डेकेम. संस्कृत आणि लॅटिन एकाच घराण्यातल्या, त्यामुळे चेहरेपट्टी जुळते एवढंच. 'सप्त + अंबर' अशी फोड फिरत असते ती मात्र साफ चुकीची, शेवटचं 'बर' हे लॅटिन शेपूट आहे, त्याचा आकाशाशी काही संबंध नाही.

आता जुलै-ऑगस्ट. हे दोन महिने नव्याने घातलेच नाहीत! ते आधीपासून होते, नावं होती क्विंटिलिस म्हणजे पाचवा आणि सेक्स्टिलिस म्हणजे सहावा. इ.स.पू. ४४ मधे पहिल्याला ज्युलियस सीझरचं नाव दिलं, इ.स.पू. ८ मधे दुसऱ्याला रोमन सम्राट ऑगस्टसचं. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून मार्च धरून बोटांवर मोजून बघा, पाचव्या बोटावर जुलै येतो आणि सातव्यावर सप्टेंबर. म्हणजे महिने जागचे हललेच नाहीत, हललं ते वर्षाचं तोंड. फेब्रुवारी तेव्हा शेवटचा महिना, लीप वर्षाचा जादा दिवस त्याच्याच वाट्याला येतो तो त्यामुळेच.

मग १ जानेवारी कुठून आली? मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे, कारण उत्तर आकाशात नाही, कारभारात आहे. रोममधे दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडले जायचे आणि वर्ष ओळखलं जायचं त्यांच्या नावाने, अमुक आणि तमुक कॉन्सल होते ते वर्ष असं. ते १५ मार्चला सूत्रं हातात घ्यायचे, पण इ.स.पू. १५३ मधे हिस्पानियात म्हणजे आजच्या स्पेनकडे बंड झालं, नव्या कॉन्सलला फौज घेऊन लवकर निघायचं होतं, म्हणून १ जानेवारीलाच पदभार दिला आणि मग तीच तारीख कायम झाली. सीझरने इ.स.पू. ४५ पासून नवं कॅलेंडर लागू केलं त्यातही तीच राहिली.

तरी ती सगळीकडे एकदम रुळली असं नाही. इंग्लंडमधे सरकारी वर्ष कितीतरी शतकं २५ मार्चला सुरू व्हायचं, ते बदललं १७५२ पासून, आणि त्यामुळे १७५१ हे साल तिथे फक्त २८२ दिवसांचं झालं. त्याआधीच्या इंग्रजी कागदांवर 'फेब्रुवारी १६९९/१७००' असं दुहेरी साल दिसलं तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नका, २५ मार्च यायचा होता म्हणून त्याने दोन्ही हिशोब लिहून ठेवलेत.