दहा खाटांचं प्रसूतिगृह सुरू करताना इन्डेम्निटी किती लाखांची घ्यावी आणि पैशाची घडी कशी बसवावी?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरला दहा खाटांचं हॉस्पिटल काढताय, पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ, तुम्ही एमडी मेडिसिन आणि बँकेचं कर्ज डोक्यावर आहे. इन्डेम्निटी, म्हणजे निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठीचा विमा, किती लाखांची घ्यावी आणि कमाईची घडी कशी बसवावी, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. माझ्या मते तालुक्याच्या गावात हा एकच प्रश्न आहे. नातेवाईक बहुतेक वेळा आधी बिलावर चिडतात आणि निष्काळजीपणाचा विचार त्यानंतर डोक्यात येतो. तो आला की वकिलाच्या हातात पहिल्यांदा जातो तुमचा केसपेपर. म्हणून विम्याचं आधी सांगतो, पण केसपेपर आणि बिल यांवर जास्त बोलणार आहे.

विमा घेताना एजंट वर्षाची एकूण रक्कम मोठ्याने सांगतो. तुम्ही एका घटनेची मर्यादा विचारा. एक कोटीची पॉलिसी एकास एक प्रमाणात (एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची रक्कम यांच्या) असेल तर एकाच दाव्याला पूर्ण एक कोटी मिळू शकतात. तीच एकास चार असेल तर एका दाव्याला २५ लाखच. हप्ता स्वस्त दिसतो तो इथेच. शिवाय वकिलाचा खर्चही बहुधा याच रकमेतून जातो. प्रसूतीच्या कामाला एका घटनेला एक कोटीच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. नुकसानभरपाई ठरवताना वय, कमाई आणि पुढच्या सांभाळाचा खर्च धरतात, आणि जन्मतः मेंदूला इजा झालेल्या बाळाचा सांभाळ आयुष्यभराचा असतो.

दुसरी बाब पूर्वलक्षी तारखेची. ही पॉलिसी दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असावी लागते, आणि घटना पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे आजच्या प्रसूतीची नोटीस दोन वर्षांनी येऊ शकते. मध्ये एक वर्ष नूतनीकरण राहिलं किंवा कंपनी बदलताना जुनी तारीख पुढे नेली नाही, तर मागची सगळी वर्षं उघडी पडतात. तुम्हा दोघांची वैयक्तिक पॉलिसी वेगळी आणि हॉस्पिटलची वेगळी, कारण नर्सच्या चुकीचा दावा हॉस्पिटलवरही येतो. बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांची पॉलिसी आणि मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीची प्रत दरवर्षी फाइलला लावा. त्यांच्याकडे ते मागण्यात संकोच नको.

आता रात्रीचा प्रश्न. खानदेशात छोट्या हॉस्पिटलांत रात्री आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर असतात, आणि त्यांच्याशिवाय हॉस्पिटल चालत नाही हे खरं आहे. पण पूनम वर्मा प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की होमिओपॅथीच्या डॉक्टरने अॅलोपॅथीचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे. तिथे पुढची बाजू मांडायला जागाच उरत नाही, आणि पात्रता नसलेल्या माणसाने केलेले उपचार पॉलिसीतूनही वगळलेले असतात. म्हणून आरएमओने पेशंट पाहावा, बीपी-नाडी-रक्तस्राव नोंदवावा आणि फोन करावा. औषधाचा निर्णय तुमचा. फोनवर सांगितलेली ऑर्डर ऐकणाऱ्याने वेळेसह लिहायची, वाचून दाखवायची, आणि सकाळी राउंडला तुम्ही तिच्यावर सही करायची. रात्री अडीचला फोन झाला आणि केसपेपरवर सकाळी सातपर्यंत काहीच नसेल, तर वकील त्याला साडेचार तास डॉक्टर नव्हता असंच म्हणणार.

प्रसूतीत सगळ्यात महागात पडते ती बाळाच्या ठोक्यांची नोंद. कळा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाला आणि दुसऱ्या अवस्थेत (पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर) दर पाच मिनिटांनी ठोके ऐकून लिहिले पाहिजेत. ते एका शाईत, एका दमात, एकसारखे १४० लिहिलेले असतील तर न लिहिल्यापेक्षा वाईट. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, प्रसूती चालू असतानाच भरा. सिझेरियनचा निर्णय किती वाजता झाला, भूलतज्ज्ञ किती वाजता आले, बाळ किती वाजता बाहेर आलं, या तीन वेळा वेगवेगळ्या लिहा. खाडाखोड करायची तर एक रेघ, सही आणि वेळ. व्हाइटनर ऑपरेशन थिएटरात असूच नये. नोटीस आल्यावर नवा केसपेपर लिहून काढायचा मोह होतो. तसं केलं तर बचाव करता येण्यासारखी केसही हातची जाते.

रक्तस्रावासाठी लेबर रूममध्ये एक डबा भरून ठेवा: ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल, मेथर्जिन (बीपी वाढलेलं असेल तर देऊ नये), कार्बोप्रोस्ट (दमा असेल तर देऊ नये), ट्रॅनेक्सामिक अॅसिड १ ग्रॅम, आणि गर्भाशयात फुगवून रक्तस्राव दाबायचा कॅथेटर-कंडोमचा फुगा. ट्रॅनेक्सामिकचा उपयोग प्रसूतीपासून तीन तासांच्या आत, म्हणून तिथेही घड्याळ लिहा. ऑक्सिटोसिन आणि कार्बोप्रोस्ट फ्रिजमध्ये लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि वीज जाते, तेव्हा त्या फ्रिजला इन्व्हर्टर जोडलेला हवा. औषध वेळेवर देऊनही गर्भाशय आवळलं नाही, तर निकामी औषध हे त्याचं एक कारण असू शकतं.

सातपुड्याकडून येणाऱ्या पावरा आणि भिल्ल समाजातल्या पेशंटमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत त्याची सॉल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी करा, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी एचपीएलसी ही रक्तचाचणी. भूल देण्याच्या सकाळी हे कळणं म्हणजे फार उशीर.

संमतीपत्राबद्दल. समीरा कोहली प्रकरणाच्या २००८च्या निकालाने स्पष्ट केलंय की सज्ञान, शुद्धीवरच्या बाईची संमती तिचीच लागते, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीचं असेल तेवढा अपवाद. नवऱ्याची किंवा सासूची सही साक्षीदार म्हणून घ्या. सिझेरियनच्या फॉर्मवर रक्त द्यावं लागणं आणि गर्भाशय काढावं लागणं या शक्यता आधीच लिहा. नसबंदीच्या फॉर्मवर ती अयशस्वी होऊ शकते हे वाक्य हवंच. छापील इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला तर त्याची किंमत थोडी. अहिराणी बोलणाऱ्या नर्सने समजावलं किंवा पावरी जाणणाऱ्या आशाताईने सांगितलं, तर कोणी, कोणत्या भाषेत सांगितलं ते लिहून तिची सही घ्या. पुढे ‘आमले कोनी सांगं नही’ असं म्हटलं गेलं, तर आयोगापुढे ठेवायला हाच कागद असतो.

रेफर करताना धुळं सुमारे ५० किलोमीटर आहे हे धरून उलटं मोजा. बीपी कोसळल्यावर निघालेली बाई वाटेतच धोक्यात येते. पत्रावर निघण्याची वेळ, त्या वेळचं बीपी, दिलेली औषधं, आणि पलीकडे फोनवर कोणाशी बोललात ते लिहा. नातेवाईक न्यायला नकार देत असतील तर तोही त्यांच्या सहीने लिहून घ्या. सोबत नर्स आणि चालू सलाइन पाठवा.

अनपेक्षित मृत्यू झाला तर शवविच्छेदन तुम्ही स्वतः सुचवा. नातेवाईकांनी नाकारलं तर तसं लिहून घ्या, आणि आरोप होत असतील तर पोलिसांना तुम्हीच कळवा. जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) त्याच विषयातल्या डॉक्टरचं, शक्यतो शासकीय सेवेतल्या, स्वतंत्र मत घेतल्याशिवाय पोलिसांनी गुन्ह्याच्या दिशेने पुढे जाऊ नये, आणि अटक नेहमीची बाब म्हणून करू नये. तोडफोडीसाठी महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. मृत्यूची बातमी आरएमओने सांगू नये, पत्नीने किंवा तुम्ही, बंद खोलीत, दोन-तीन जवळच्या माणसांना बसवून सांगावी.

आयोगाची नोटीस मिळाल्यापासून उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. म्हणून वकिलाची साधी नोटीस आली त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. त्यांच्या परवानगीशिवाय तडजोड करू नका, चूक कबूल करणारं पत्रही देऊ नका. नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. त्या ठेवायच्या किमान तीन वर्षं, पण बाळाच्या नोंदी मी २१ वर्षं ठेवायला सांगेन.

पैशाकडे येतो. आधी खाटेचा दिवस किती रुपयांना पडतो ते काढा. समजा महिन्याला पगार २,४०,०००, बँकेचा हप्ता १,५०,०००, वीज आणि देखभाल ४०,०००, विमा, जैविक कचरा वगैरे २०,०००, एकूण ४,५०,०००. दहा खाटांचे महिन्याला ३०० खाटा-दिवस, त्यातले निम्मे भरले तर १५०. म्हणजे तुमची स्वतःची फी धरण्याआधीच एक खाटा-दिवस ३,००० रुपयांना पडला. शेजारच्या हॉस्पिटलचं पॅकेज पाहून दर ठेवला आणि हा आकडा माहीत नसला, की तोटा भरून काढायला नको त्या तपासण्या आणि नको ती सिझेरियन सुरू होतात. धोका खरा तिथून वाढतो.

आपल्याकडचा पैसा शेताच्या हंगामाने चालतो. कापसाचे पैसे दिवाळीच्या पुढे हातात येतात, आणि जून-जुलैत सगळं बियाण्या-खतात गेलेलं असतं. नेमका त्याच पावसाळ्यात ताप, सर्पदंश, विषबाधा यांनी वॉर्ड भरतो. म्हणून हर्निया, पिशवीचं ऑपरेशन अशी थांबू शकणारी कामं नोव्हेंबरनंतर सुचवा आणि तीन महिन्यांचा ठरलेला खर्च, म्हणजे वरच्या हिशेबात साडेतेरा लाख, वेगळ्या खात्यात साठवा. महात्मा फुले योजनेच्या पेशंटकडून वर पैसे घेऊ नका; तिथला पैसा उशिरा येतो, म्हणून जेवढा उशीर ही शिल्लक पेलेल तेवढ्याच खाटा योजनेला द्या.

बिलाची रीत अशी ठेवा: भरती होताना लेखी अंदाज, नॉर्मल आणि सिझेरियन दोन्हीचा, आणि बाळ काचेत ठेवावं लागलं तर रोजचा किती तोही. दर संध्याकाळी आजवरचं बिल नातेवाइकाला दाखवून सही. खर्च अंदाजाबाहेर जातोय असं वाटलं की त्याच दिवशी बोलावून सांगा. सूट द्यायची तर डॉक्टरने स्वतः द्यावी, काउंटरने नव्हे. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवू नका. ते बेकायदेशीर आहे. उधारी लिहून घ्या आणि सोडा. दरपत्रक भिंतीवर लावणं नर्सिंग होमच्या नियमांनी बंधनकारक आहेच.

रोखीत एका भरतीपोटी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त घेता येत नाहीत. तीन दिवसांत तुकडे करून घेतले तरी प्रसंग एकच धरला जातो आणि दंड तेवढ्याच रकमेचा. केळी-कापसाचा व्यवहार रोखीचा असल्याने काउंटरवरच्या मुलाला हे पाठ हवं. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, आणि रोख पाच टक्क्यांपर्यंतच असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सवलत मिळते. तुमचा खर्च निम्म्याहून जास्त निघेल असं वरचा हिशेब दाखवतोय, त्यामुळे पूर्ण वह्या ठेवून ऑडिट करणं बहुधा फायद्याचं. सीएकडून दोन्ही मांडून घ्या. मेडिकल स्टोअरचे हिशेब वेगळे.

सोनोग्राफी घेणार असाल तर गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा फॉर्म ‘एफ’ जिथल्या तिथे पूर्ण भरा आणि दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत अहवाल पाठवा. त्यातली रिकामी जागा ही कारकुनी चूक समजून सोडून देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय, आणि पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा) दंड-शिक्षा कोणतीही इन्डेम्निटी भरत नाही.