डॉक्टरच्या वहीतली एक ओळ

चि. पोरी, आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. १९६४ सालचं कोल्हापूर, मंगळवार पेठेतला दवाखाना, गर्भपातासाठी मागच्या दाराने आलेली बाई. सुरुवात धरून ठेवते. पण डॉक्टर सोनोग्राफीचं नाव काढतो तिथे मी कागद खाली ठेवला. तेव्हा पाळी किती दिवस चुकली ते विचारायचं आणि हाताने तपासायचं, एवढंच.

दुसरं, ती कुमारिकाच का? चार पोरांनंतर पाचव्याला धास्तावलेली, नवऱ्याला सांगून आलेली बाई लिहून बघ. तशाही पुष्कळ असत.

कायदाही नीट वाच. तेव्हाची भारतीय दंड संहिता, कलम ३१२. बाईचा जीव वाचवायला सद्हेतूने केलेला गर्भपात सोडला तर बाकी सगळा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, पोटात हालचाल जाणवू लागल्यावर सात. शिक्षा त्या बाईलाही. तुझे पोलीस मात्र फक्त डॉक्टरला शोधत येतात. तिच्या भीतीचं अर्धं कारणच गाळलंस की!

आता खरं दुखणं. स्त्रीच्या हक्कावरचं डॉक्टरचं दीड पानी भाषण. तसं बोलणारे नव्हतेच असं नाही, संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे त्याच्या कितीतरी आधी लिहून गेले होते. पण दवाखान्यात कोण असं बोलतं? माझी मावशी नर्स होती. ती सांगायची, बायका यायच्या त्या बहुतेक कुठून तरी काडी घालून घेऊनच. तापाने फणफणलेल्या, लुगडं भिजलेलं. मग पिशवी साफ करायची, पेनिसिलिन द्यायचं आणि वहीत 'अपुरा गर्भपात' लिहायचं. कसा झाला, ते कुणी विचारत नसे.

म्हणजे बघ, सोमवारी ज्या बाईला डॉक्टरने हात जोडून परत पाठवलं, तीच शुक्रवारी टांग्यातून मरणाच्या दारात येते, तेव्हा तिला हात लावायला कायद्याची आडकाठी नाही. सोमवारी होती. तुझी कथा या चार दिवसांत आहे, आणि तू नेमके तेच वगळलेस.

शेवटी १ एप्रिल १९७२ ला गर्भपाताला परवानगी देणारा कायदा लागू होतो आणि डॉक्टर बिंदू चौकात रडतो, ते काढ. त्या दिवशी पेठेतल्या किती बायकांना काही कळलं असेल?

शुक्रवारची रात्र लिहून पाठव. वही उघडताना त्याने तिच्याकडे बघितलं की नाही, ते तूच ठरव. भाषणाची दीड पानं मी इथेच ठेवून घेतली आहेत, मागू नकोस.

तुझा,
काका