‘टेल लाखीश’मधल्या टेलला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की यहूदाच्या प्राचीन राज्यातल्या (आजच्या इस्राएलमधल्या) लाखीश शहराबद्दल वाचताना सगळीकडे ‘टेल लाखीश’ दिसतं, तर हे टेल नावाचाच भाग आहे का, आणि मराठीत ‘लाखीशची टेकडी’ लिहिलं तर चालेल का.

टेकडी नका लिहू प्लीज. टेकडी निसर्गातली, टेल माणसाच्या राहण्यातून झालेलं. कच्च्या विटांची घरं पडायची, जळायची, मग ढिगारा सपाट करून त्याच जागी नवी घरं, पाणी जवळ आणि जागा मोक्याची म्हणून लोक परत परत तिथेच वसायचे, असं शेकडो वर्षं चाललं की गावाखालची जमीनच वर येते. शब्द खूप जुना आहे, हिब्रूत तेल, अरबीत तल्ल, मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कडी भाषेतही आहे, आणि तेल अवीवमधला तेलही हाच.

आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे, पांढर. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे खेड्यात अजूनही बोलतात. राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिसळून ती जमीन पांढुरकी होते. नेवासे, इनामगाव, दायमाबाद इथल्या उत्खननांबद्दल मराठीत लिहितात तेव्हा ‘पांढरीचं टेकाड’ असंच म्हणतात, मग लाखीशला का नको?

आणि टेकडी म्हटलं की त्यातले थरच डोळ्यासमोर येत नाहीत, लाखीशची तर सगळी गंमत थरांत आहे. १९३२ ते १९३८ मध्ये जेम्स स्टार्की यांनी तिथे खणलं, तेव्हा एकावर एक असे दोन जळालेले थर लागले. वरचा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वारीचा, इ.स.पू. ५८६ च्या आसपासचा, यावर वाद नव्हता. खालचा स्टार्कींना जेमतेम दहा वर्षं आधीचा, ५९७ चा वाटला. पण त्यांच्याच टीममधल्या ओल्गा टफनेल म्हणाल्या की दोन थरांतली मडकी इतकी वेगळी आहेत की मध्ये बराच काळ गेला असणार, म्हणजे खालचा थर इ.स.पू. ७०१ चा, अश्शूरचा राजा सन्हेरीब याने शहर जाळलं तेव्हाचा. पुढे १९७० च्या दशकात डेव्हिड उसिश्किन यांनी परत खणलं आणि टफनेलबाईंचंच बरोबर ठरलं. नुसत्या खापरांवरून शंभरेक वर्षांचा फरक ओळखायचा, मला हे फार भारी वाटतं. याच वेढ्याची कोरीव शिल्पं सन्हेरीबने आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात लावली होती, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यात दाखवलेला अश्शूरी सैन्याचा चढावाचा रॅम्प लाखीशला प्रत्यक्ष सापडलाय.

वरच्या जळक्या थरात, वेशीजवळच्या खोलीत, १९३५ मध्ये शाईने लिहिलेली खापरं मिळाली. एकावर कोणी हाताखालचा माणूस वरिष्ठाला कळवतोय की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका (जवळचंच दुसरं तटबंदीचं शहर) दिसत नाही. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात (३४:७) नबुखद्नेस्सरच्या स्वारीत शेवटी टिकून राहिलेल्या तटबंदीच्या शहरांत याच दोघांची नावं आहेत, ते वाचून मग हे खापर वाचा, अंगावर काटा येतो.

तेव्हा नाव म्हणून लिहायचं तर ‘तेल लाखीश’ ठेवा, हिब्रू उच्चार तोच आहे, ‘टेल’ इंग्रजीतून आलंय. जुन्या पुस्तकांत ‘तल्ल अद-दुवैर’ दिसलं तर ते याच जागेचं अरबी नाव. आणि वाक्यात सामान्य नाम म्हणून बिनधास्त ‘पांढरीचं टेकाड’ वापरा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा, कारण शहरातल्या बऱ्याच वाचकांना पांढर माहीत नसते.